त्रयोदशीची भरती

विजयदुर्गाहून शिडाच्या होडीनं रत्नागिरीला जायचं, तर हिशेब रत्नागिरीपासून मांडत मागे यावं लागतं. भाट्याच्या खाडीचं मुख आपल्याला आत कधी घेईल, हे आधी ठरतं. विजयदुर्गाला नांगर कधी उचलायचा, ते त्यानंतर. काजळी नदी तिथं समुद्राला मिळते आणि मुखाशी वाळू साठते. ओहोटीला त्या वाळूवर फुटणाऱ्या लाटा किनाऱ्यावर उभं राहून पाहिल्या, की समोर बंदर असून त्याचं दार बंद असणं म्हणजे काय, ते कळतं.

मी आधी पंचांग उघडतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, ही कोकणातली जुनी रीत. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पाऊणएक तासानं मागे पडते. नेमक्या वेळेसाठी आणि पाण्याच्या उंचीसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचं कोष्टक हवंच. पण बेताची पहिली रेघ मला तिथीनंच ओढायला आवडते. पिढ्यान् पिढ्या खाडीकाठी उभं राहून माणसांनी पाणी निरखलं, ते सगळं त्या पाऊणपटीत मुरलेलं आहे.

पौषातली शुद्ध त्रयोदशी धरू. उधाण जवळ आलेलं. अष्टमीच्या भांगापेक्षा पाणी चांगलंच वर चढणारं. ओहोटी पहाटे पावणेचारला, भरती पावणेदहाला. मधल्या सहा तासांत पाणी एका चालीनं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. समजा चढ २.४ मीटर आहे आणि ओहोटीला मुखावर मीटरभर पाणी उरतं. मग तीन तासांनी, पावणेसातला, तिथं २.२ मीटर असेल. होडीला तरंगायला दीड मीटर लागतं. लाटेच्या खळग्यासाठी अर्धा मीटर राखला, तरी भागतं.

अंतर पंचवीसेक सागरी मैल, चाल ताशी पाच. पावणेचारला निघालं तर पावणेनऊला मुखाशी. भरतीला अजून तास असतो, आणि तो तास फार मोलाचा. चढत्या पाण्यात होडी वाळूला टेकली, तर मागून येणारं पाणी तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली, तर पुढच्या भरतीपर्यंत लाटांचा मार खात तिथंच.

वाऱ्याचंही हेच म्हणणं. पहाटेचा मतलई जमिनीकडून, उजव्या अंगानं येतो आणि शीड भरून धरतो. दुपारी वायव्येचा खारा वारा थेट तोंडावर. ओसरतं पाणी त्याला भिडलं की मुखाशी लाटा उभ्याच राहतात. निघताना चंद्र पश्चिमेला कललेला असतो, सगळा समुद्र उजळलेला. तो मावळल्यावर मात्र मच्छीमारांच्या जाळ्यांचे बोये दिसत नाहीत. पूर्णगडाच्या आसपास उजाडेपर्यंत नाळेवर एक माणूस डोळे ताणून बसलेला हवा.

आणि मतलई पडला, दहा वाजून गेले, मुख अजून दूरच असेल, तर आत शिरू नका. जयगड आणखी वीसेक मैल उत्तरेला आहे, तिथलं पाणी खोल आहे. वारा तोंडावर असेल, इंजिन चालवावं लागेल. तरी तिकडेच जा.