चिंगीचे पहिले तीन महिने

कुत्र्याचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात, कान त्यानंतर काही दिवसांनी. तिसऱ्या आठवड्यापासून ते भोवतालची दखल घेऊ लागते आणि तेथून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात त्याचा स्वभाव घडतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत पिल्लांच्या वाढीचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या काळाचे महत्त्व मांडलेले आहे. या आठवड्यांत माणसाचा हात न लागलेले पिल्लू पुढे माणसाला बुजते. उलट फार लवकर आईपासून तोडलेले पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकत नाही, कारण तो धडा भावंडांशी दंगामस्ती करतानाच मिळतो. म्हणून पिल्लू घरी आणण्याचे योग्य वय आठ आठवड्यांचे. भारतात श्वानपैदाशीसंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकताही येत नाही.

भटक्या माद्या बहुतांशी पावसाळा सरता सरता माजावर येतात आणि गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. त्यामुळे गावठी पिल्ले हिवाळ्यात जास्त दिसतात. चिंगी ही अशीच हिवाळ्यातली. पुण्यात प्रस्तुत लेखिकेच्या सोसायटीशेजारी बांधकाम चालू होते. तेथे वाळूच्या ढिगाआड एका कुत्रीने पाच पिल्ले घातली होती. जानेवारीच्या मध्यापर्यंत त्यांतील दोनच उरली. एक रखवालदाराच्या कुटुंबाने ठेवून घेतले, दुसरे लेखिकेच्या घरी आले. सासूबाई, नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा असे पाच जणांचे घर, तिसऱ्या मजल्यावर. पुढील विवेचन या घराच्या अनुभवावर आधारलेले आहे.

पिल्लाला घरी नेण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. वय सांगणारे कोणी नसेल तर ते दातांवरून काढतात: दुधाचे २८ दात तिसऱ्या आठवड्यापासून फुटू लागतात आणि सगळे आले असतील तर पिल्लू आठ आठवड्यांच्या आसपासचे असते. चिंगीचे सगळे दात आलेले होते. अंग हाडकुळे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे, हे जंतांचे लक्षण. औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी शेवयांसारखे जंत पडले. तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा हे औषध देतात. पिसवा आणि गोचिडीही त्याच दिवशी पाहून घ्याव्यात. गोचिडीतून येणारा ताप पिल्लाला झेपत नाही.

जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतचे घर पिल्लाचे असते, म्हणून पूर्वतयारी जमिनीवर बसून करावी. तेथून दिसणाऱ्या गोष्टी उभ्याने दिसत नाहीत: लोंबणाऱ्या वायरी, झुरळांच्या खडूची रेघ, पलंगाखाली गेलेली गोळ्यांची पट्टी, गॅलरीच्या गजांमधील फट. लेखिकेच्या घरी गॅलरीला आतून जाळी बांधावी लागली. फरशी पुसण्याचे फिनेलही बदलले. पिल्लू ओल्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटते. फिनेल असे पोटात जाणे चांगले नाही.

पहिली रात्र सर्वांत अवघड. अनुभवी म्हणवणारे पुष्कळ लोक सांगतात की पिल्लाला वेगळे झोपवावे, दोन-तीन रात्री रडेल आणि गप्प बसेल; जवळ घेतले तर कायमची सवय लागेल. लेखिकेच्या घरीही हा सल्ला मानला गेला. स्वयंपाकघराजवळच्या बोळात पुठ्ठ्याच्या खोक्यात गोणपाट आणि जुनी चादर घालून चिंगीला ठेवले. साडेअकराला दिवा मालवला आणि रडणे सुरू झाले. आधी कुईकुई, मग एकसुरी लांब ओरडणे. मधे दम लागून थांबे, कोणी येते का ते ऐके आणि पुन्हा सुरू करी. मुले उठून बसली. पुण्यातील जानेवारीची रात्र, बाहेर दहा-बारा अंश. तीनच्या सुमारास सासूबाई उठल्या, खोके उचलून आपल्या पलंगाला लावले आणि हात खाली सोडून झोपल्या. चिंगीने त्यांच्या अंगठ्याला नाक लावले, दोन सुस्कारे टाकले आणि पाच मिनिटांत तिला झोप लागली. सकाळी त्यांचा हात आखडलेला होता आणि ती तशीच, अंगठ्याला नाक लावून, झोपलेली होती.

सासूबाईंनी केले तेच बरोबर होते. आठ आठवड्यांचे पिल्लू त्या दिवसापर्यंत एकही रात्र एकटे झोपलेले नसते. भावंडांच्या ढिगात, एकमेकांच्या उबेत, आईच्या श्वासाच्या आवाजात ते झोपते. त्याचे रडणे हट्टाचे नसते. कळपापासून तुटलेल्या पिल्लाने आईला मारलेली ती हाक असते आणि तिला उत्तर मिळाले तर ती थांबते. उत्तर न मिळाल्यावरही कधीतरी थांबते, पण त्यातून पिल्लू धीट होत नाही. हाकेला कोणी येत नाही एवढेच ते शिकते. जवळ झोपवल्याने लागलेली सवय हळूहळू मोडता येते. चिंगीचे खोके रोज वीतभर सरकवत तिसऱ्या आठवड्यात हॉलमध्ये आले, एकाही रडण्याशिवाय. शक्य असल्यास आईच्या अंगाला लागलेले फडके सोबत आणावे. रखवालदाराच्या बायकोने दुसऱ्या दिवशी तसे एक पोते आणून दिले. त्याच्या वासाने चिंगी लगेच शांत झाली.

शी-शूची शिस्त हा पुढचा प्रश्न, आणि बहुतेक घरे येथेच चिडतात. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ शू धरून ठेवता येत नाही. जागे असताना आणि खेळताना तर तेवढीही नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत आणि खेळ थांबताच, अशा तीन वेळा ठरलेल्या असतात. नाक जमिनीला लावून पिल्लू गोल फिरू लागले की उचलावे आणि नेहमीच्या जागी न्यावे. जागेवर झाले की त्याच क्षणी शाबासकी द्यावी. मिनिटभराने दिलेली शाबासकी कशाबद्दल आहे हे त्याला कळत नाही. भलत्या जागी झालेले मुकाट्याने पुसावे. नाक त्यात घासण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत दिसते आणि ती सोडून द्यायलाच हवी. पिल्लाला त्यातून जागेचा धडा मिळत नाही. माणसासमोर शू केली की मार बसतो एवढे कळते आणि मग ते सोफ्यामागे जाऊन करते. लेखिकेच्या घरी गॅलरीत वर्तमानपत्रे अंथरली आणि मुलीने भिंतीवर वेळांचा तक्ता लावला. पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच-सहा चुका झाल्या, चौथ्या आठवड्यात एखादी. ज्या दिवशी घरी पाहुणे होते आणि तक्त्याकडे कोणी पाहिले नाही, त्या दिवशी चुका पुन्हा चारवर गेल्या. चुकांचा हा आकडा माणसांच्या नियमितपणाचा असतो.

शब्दांच्या बाबतीतही हेच. चिंगीने चपलेला तोंड लावले की सासूबाई “हाड” म्हणत, मुलगा “नो”, मुलगी “चिंगे, असं नाही करायचं गं” आणि नवरा नुसती टाळी वाजवी. चार माणसांचे चार आवाज, चपलेचे मात्र तुकडे. दहाव्या दिवशी सर्वांनी बसून चार शब्द ठरवले: ये, बस, सोड, नको. ते फ्रिजवर चिकटवले. “हाड” हा शब्द सासूबाईंनीच बाद केला, कारण तो हाकलण्याचा शब्द आहे. नाव घेऊन कधीही रागवायचे नाही, हेही त्याच दिवशी ठरले. नावाला पिल्लाने धावत यायला हवे.

आहाराविषयी मराठी घरांत एक पक्का समज आहे, की पिल्लू म्हणजे दूध-पोळी. आईचे दूध तुटल्यावर बहुतेक पिल्लांची गाई-म्हशीच्या दुधातील साखर पचवण्याची शक्ती कमी होत जाते आणि जुलाब सुरू होतात. शेजारून मायेने आलेल्या वाटीभर दुधाने चिंगीला दोन दिवस जुलाब झाले. तिला पुढे भात, उकडलेले अंडे, शिजवून हाडे काढलेली कोंबडी, भोपळा किंवा गाजर आणि डॉक्टरांनी सांगितलेला पिल्लांचा कोरडा खुराक असे दिवसातून चार वेळा दिले जाई. चौथ्या महिन्यानंतर तीन वेळा आणि सहा महिन्यांनंतर दोन वेळा पुरते. अन्न बदलायचे तर आठवडाभरात थोडे थोडे बदलावे. शिजवलेले हाड देऊ नये. त्याचे टोकदार तुकडे होतात.

आपल्या स्वयंपाकघरातील काही नित्याच्या वस्तू कुत्र्याला विषारी आहेत, आणि हे घरातील लहान मुलालाही माहीत असले पाहिजे. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेट वाईट. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्यावर तसे होईल हे आधी सांगता येत नाही. फेब्रुवारीत घरी सत्यनारायण होता. मुलाने प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, त्याला आवडत नाहीत म्हणून, एकेक करून चिंगीला दिले. मुलीने पाहिले तेव्हा सात-आठ पोटात गेले होते. पूजा तशीच ठेवून तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी उलटी करवली आणि दोन दिवसांनी रक्त तपासले. ते ठीक निघाले. मुलाला कोणी रागावले नाही, कारण त्याला हे सांगणे मोठ्यांचे काम होते. अशा वेळी उलटी होते का ते घरी बसून पाहू नये आणि ताप-दुखीच्या माणसांच्या गोळ्याही कधी देऊ नयेत. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकतात.

लसीकरणाचा आणि बाहेरच्या जगाच्या ओळखीचा मेळ घालणे हे सर्वांत नाजूक काम आहे. पार्व्हो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. त्याने रक्ताचे जुलाब होऊन लहान पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात आणि तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो. बांधकामावरची तीन पिल्ले कशाने गेली हे कोणी तपासले नाही, पण रखवालदाराने सांगितलेली लक्षणे हीच होती. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत देतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती मधल्या काळात लसीला निष्प्रभ करू शकते, म्हणून एकच मात्रा पुरत नाही. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. आता अडचण अशी, की सोळा आठवडे पिल्लू घरात कोंडले तर जगाशी ओळख होण्याचा काळच निघून जातो. उपाय साधा आहे. पहिली लस आणि जंतांचे औषध होऊन आठवडा झाला की पिल्लाला कडेवर घेऊन बाहेर जावे, रस्त्यावर मात्र ठेवू नये. चिंगी रोज संध्याकाळी शालीत गुंडाळून फाटकापर्यंत जाई. भाजीवाल्याची आरोळी, रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, लग्नाचा बँड. बँडला ती थरथरली. तेव्हा सासूबाई तिला घेऊन लांब उभ्या राहिल्या आणि ती सावरल्यावर चार पावले पुढे गेल्या. घाबरलेल्या पिल्लाला आवाजाजवळ ओढून नेण्याने भीती जात नाही.

चावणे प्रत्येक पिल्लू करते. हात खेळणे म्हणून वापरू नये. दात लागला की खेळ तेथेच थांबवून उठून जावे आणि चघळायला दुसरे काही द्यावे. ओला करून फ्रीजमध्ये गार केलेला जुन्या टॉवेलचा पिळा हिरड्यांना बरा वाटतो. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडून त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. मार्चमध्ये मुलीला गोधडीवर तांदळाच्या दाण्याएवढा, टोक असलेला पांढरा दात सापडला. तो तिने कंपासपेटीत ठेवला. मुलांसाठी घरात दोनच नियम होते: झोपलेल्या आणि खाणाऱ्या चिंगीला हात लावायचा नाही. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते आणि झोपमोड झालेले पिल्लू जास्त चावते. त्याचा दात लागून रक्त आले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. पिल्लू घरचे आहे म्हणून यात सवलत घेऊ नये.

एकटे राहण्याची सवय शेवटी, पण वेळेवर. दाराबाहेर एक मिनिट, मग पाच, मग अर्धा तास. जाताना निरोप नाही, आल्यावर सोहळा नाही.

शेवटची लस मार्चच्या सुरुवातीला झाली आणि दोन आठवड्यांनी चिंगी स्वतःच्या पायांनी तीन जिने उतरली. पुण्यात पाळलेल्या कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो. त्याला रेबीजच्या लसीचा दाखला जोडतात आणि दर वर्षी नूतनीकरण करतात. चिंगीचा परवाना एप्रिलमध्ये निघाला. अर्ज सासूबाईंनी भरला आणि जातीच्या रकान्यात “गावठी” असे लिहिले.