चौसष्ट हजार पिक्सेल

लहान चित्र म्हणजे खराब चित्र, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. जुने डॉस गेम खेळताना रेकॉर्ड करायचे, ते आजच्या पडद्याच्या मापाला आणायचे आणि मोठे करता करता जमेल तेवढे ‘सुधारायचे’, हा माझा छंद. या सुधारण्यापायी मी एक रेकॉर्डिंग कायमचं बिघडवून ठेवलं, आणि त्यातला खेळ माझा नव्हता. म्हणून काय झालं ते सगळं सांगायचं आहे.

आधी मूळ चित्र कसं होतं ते बघू. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए हे पडद्यावर चित्र दाखवायचं तंत्र आणलं. त्यातला गेम लिहिणाऱ्यांचा आवडता मोड ३२० बाय २०० पिक्सेलचा, २५६ रंगांचा. एकूण पिक्सेल ६४,०००. प्रत्येकाला एक बाइट, त्यामुळे आख्खं चित्र ६४ केबीच्या एकाच सेगमेंटमध्ये मावायचं आणि प्रोग्रॅमरचं काम हलकं व्हायचं. चित्रकाराच्या वाट्याला एवढीच जागा. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तला राजपुत्र या जागेत पळतो, धडपडतो, कड्याला एका हाताने लोंबकळतो. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून या हालचाली उतरवल्या. १९८९मध्ये हा गेम अ‍ॅपल टूवर आला, पुढच्या वर्षी डॉसवर. राजपुत्राच्या चालण्यात वजन आहे, कारण ते एका खऱ्या मुलाचं वजन आहे. चार-दोन पिक्सेल इकडचे तिकडे झाले तरी ते हरवतं.

माझा आतेभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, नव्वदच्या दशकात सांगलीत कॉम्प्युटर क्लासला जायचा. सर बाहेर गेले की ‘डेव्ह’ नाहीतर ‘प्रिन्स’. गेम फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरत. दादाला ‘प्रिन्स’ची वाट तोंडपाठ. एका सुट्टीत तो आमच्याकडे आला, माझ्या लॅपटॉपवर जुने डॉस गेम चालवणारा डॉसबॉक्स बघितला आणि खुर्ची ओढून बसलाच. ‘मेगाहिट’ हा चीटचा शब्द न टाकता, न उठता, राजकन्येला मिळालेल्या एका तासाच्या आत त्याने खेळ संपवला. मी बाजूला बसलो होतो आणि स्क्रीन रेकॉर्डर चालू होता.

माझ्या चुका तिथून सुरू होतात.

लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८चा. गेम पूर्ण पडदाभर ताणलेला. म्हणजे २०० ओळींच्या ७६८ ओळी झाल्या, ३.८४ पट. आता एका पिक्सेलचे ३.८४ पिक्सेल करता येत नाहीत. काही पिक्सेल चारचे करावे लागतात, काही तीनचे. नाहीतर शेजारच्या दोन रंगांचं मिश्रण मध्ये भरावं लागतं. डॉसबॉक्स माझ्याकडे मिश्रण भरत होता. दगडी भिंतीतली एका पिक्सेलची काळी फट करड्या पट्ट्यासारखी दिसत होती. मी रेकॉर्ड केलं ते हे मिश्रण. मूळ चित्र संगणकात होतं, पण मी त्याची पडद्यावरची ताणलेली छाया टिपत बसलो. वर रेकॉर्डर सेकंदाला ३० फ्रेमवर आणि बिटरेट कमी ठेवलेला, कारण हार्ड डिस्क भरत आली होती.

दुसऱ्या दिवशी मी ‘सुधारणा’ केली. फाइल ८५४ बाय ४८०ला आणली, कारण तेव्हा डेटा महाग होता आणि नातेवाइकांना पाठवायची होती. रिसाइझ करताना लँक्झोस निवडलं. ते सगळ्यांत चांगलं असं वाचलं होतं. फोटोसाठी ते चांगलंच आहे. पण जिथे काळ्याशेजारी एकदम पांढरं येतं तिथे लँक्झोस रंग कडेच्या पलीकडे थोडा ओलांडतं, आणि कडेभोवती फिकट किनार उमटते. पिक्सेलच्या चित्रात तर सगळ्याच कडा अशा. चित्र मऊ वाटलं म्हणून मी त्यावर शार्पन चढवलं, आणि शार्पनने ती किनारच गडद केली. राजपुत्राच्या पांढऱ्या कपड्यांभोवती काळी रेघ, तिच्याबाहेर पुन्हा उजळ रेघ. मला ते ‘ठसठशीत’ वाटलं. रंगही थोडे वाढवले. मग मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

दादाने व्हिडिओ बघून एकच प्रश्न विचारला. “अरे, हा एवढा बुटका कसा दिसतोय? आमचा असा नव्हता.”

मी त्याला सांगितलं की इतक्या वर्षांनी तसं वाटणारच. या सगळ्यातली सर्वांत मोठी चूक मी ही मानतो. बाकीच्या अज्ञानाच्या होत्या. इथे ज्याच्या डोळ्यांत ते चित्र पक्कं बसलं होतं त्याने मला नेमका दोष दाखवला, आणि मी तो त्याच्या आठवणीवर ढकलला.

दादाचं बरोबर होतं. तेव्हाच्या मॉनिटरचा पडदा चारास तीन. ३२० बाय २००चं चित्र त्या पूर्ण पडद्यावर पसरायचं, म्हणजे एकेक पिक्सेल चौरस नव्हताच, रुंदीपेक्षा उंचीला जास्त होता, पाचास सहा या प्रमाणात. चित्रकार तसल्याच पडद्यासमोर बसून काम करत, त्यामुळे माणसाची उंची त्या हिशोबाने ठरलेली. मी ते चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ताणलं होतं. राजपुत्र एक तृतीयांशाने रुंद झाला होता. डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅस्पेक्ट’ नावाची ओळ आहे, ती ‘ट्रू’ करायची असते. मी ती फाइल अनेकदा उघडली होती आणि त्या ओळीवरून पुढे गेलो होतो.

त्यानंतर मी नेटाने शिकायला लागलो. डॉसबॉक्सला स्वतःचं रेकॉर्डिंग आहे: कंट्रोल, ऑल्ट आणि एफ५ एकत्र दाबायचं. तो पडद्याकडे बघत नाही, गेमच्या मेमरीतलं चित्र जसंच्या तसं, ३२० बाय २००, झेडएमबीव्ही नावाच्या कोडेकमध्ये लिहितो. एकही पिक्सेल बदलत नाही, आणि रंग थोडे असल्यामुळे फाइलही आटोपशीर राहते. फ्रेमही सगळ्या येतात, व्हीजीएच्या या मोडच्या गतीने, सेकंदाला सुमारे ७०. हे सगळं दादा खेळत होता तेव्हाही त्याच लॅपटॉपवर होतं.

पण चांगलं मूळ हाती आल्यावरही मी बिघडवण्याची वाट शोधलीच. ती लहान फाइल तशीच एमपी४ केली. म्हटलं, मोठं करायचं काम बघणाऱ्याचा प्लेअर करेल. खाली डावीकडे राजपुत्राचा जीव दाखवणारे लाल त्रिकोण असतात, जेमतेम काही पिक्सेलचे. ते विटकरी डागांसारखे दिसायला लागले. कारण असं: नेहमीच्या व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला असते, पण रंगाची माहिती दोन बाय दोनच्या चौकोनाला मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. सिनेमाच्या दृश्यात हे डोळ्याला कळत नाही. पण त्रिकोणाचं टोकच एका पिक्सेलचं असेल तर त्याचा लाल रंग शेजारच्या काळ्यात वाटून जातो.

उपाय सोपा आहे आणि तो मला फार उशिरा कळला. एन्कोड करण्याआधी चित्र मोठं करायचं आणि तेही मिश्रण न करता, प्रत्येक पिक्सेलची तंतोतंत नक्कल करून. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये स्केलला ‘नेबर’ हा फ्लॅग द्यायचा. पट मात्र पूर्णांकात हवी. या मोडच्या बाबतीत एक गोष्ट इतकी सुंदर जुळते की मी पहिल्यांदा गणित केलं तेव्हा पुन्हा करून बघितलं. पिक्सेल पाचास सहा आहे, तर रुंदी पाच पट आणि उंची सहा पट करा: १६०० बाय १२००. बरोबर चारास तीन. एकही पिक्सेल अर्धामुर्धा नाही, राजपुत्र आपल्या उंचीचा, आणि एकेका मूळ पिक्सेलचे आता तीस झाल्यामुळे ४:२:० त्याच्या रंगाला फारसा धक्का लावू शकत नाही. हे चित्र २५६० बाय १४४०च्या काळ्या चौकटीत मधोमध ठेवलं की झालं. मोठ्या मापाला यूट्यूब बिटरेटही जास्त देतं, आणि सेकंदाला ६० फ्रेम तर ७२०पीच्या खाली मिळतच नाहीत. माझ्या जुन्या ४८०च्या व्हिडिओंना तीही वाट नव्हती.

इथवर आल्यावर लाल रंग किंचित नारिंगीकडे झुकतोय हे दिसलं. एफएफएमपेग आरजीबीचं रूपांतर सांगितलं नाही तर बीटी ६०१ या जुन्या सूत्राने करतं, आणि एचडी मापाचा व्हिडिओ बघून प्लेअर बीटी ७०९ गृहीत धरतो. दोन्हीकडे ७०९ लिहून दिलं की प्रश्न मिटतो. हे मी फार दिवस तसंच सोडून दिलं होतं, फरक थोडा आहे म्हणून. पण शेजारी शेजारी ठेवल्यावर तो लपत नाही.

मग मी टीव्ही गेमकडे वळलो, कार्ट्रिज घालायच्या त्या नक्कल मशीनकडे, आणि तिथे उलटी चूक केली. यूएसबीची स्वस्त कॅप्चर डोंगल आणली, पिवळी पिन लावली आणि ‘कॉन्ट्रा’ रेकॉर्ड केला. गोळ्या गायब. ‘एस’ हे हत्यार घेतल्यावर पाच दिशांना फुटणारा मारा, पण रेकॉर्डिंगमध्ये त्यातल्या काही गोळ्या दिसतच नव्हत्या. हे गेमचं मशीन एका आडव्या ओळीत आठापेक्षा जास्त स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, दाखवू शकत नाही. म्हणून गेम पाळी लावतो: या फ्रेमला काही दाखवायचे, पुढच्या फ्रेमला उरलेले. टीव्हीवर ते लुकलुकतात, पण सगळे आहेत हे कळतं. आपल्याकडची पाल पद्धतीची मशीन सेकंदाला ५० पूर्ण चित्रं पाठवते. डोंगलला वाटतं की ही नेहमीच्या टीव्हीसारखी सम-विषम ओळींची अर्धी अर्धी चित्रं आहेत, आणि ती दोन-दोन चित्रांचं एक करून २५ देते. एक चित्र टाकून दिलं तर त्या पाळीतल्या गोळ्या कधीच दिसत नाहीत. दोन्ही मिसळली तर सगळ्या भुतासारख्या अर्धपारदर्शक होतात. आपला माणूस कशाने मेला तेच बघणाऱ्याला कळत नाही. मी मात्र तेव्हा ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट हलवत बसलो होतो. २४० ओळींचा सिग्नल ओळखणारं कॅप्चर यंत्र मिळेपर्यंत मी ते काम थांबवलं, आणि थांबवलं हेच योग्य केलं.

डॉसवरून शिकलेला कडक पिक्सेलचा नियम इथे सरसकट लावायला माझं मन घेत नाही, तेही सांगतो. व्हीजीए मॉनिटर प्रत्येक ओळ दोनदा काढायचा आणि चित्र तेव्हाही चौकटी-चौकटींचंच, स्पष्ट दिसायचं. टीव्हीचं तसं नाही. तिथे कंपोझिट, म्हणजे त्या पिवळ्या पिनच्या, तारेतून जाताना शेजारचे रंग एकमेकांत मिसळायचे, आणि चित्रकार ते धरूनच काम करत. सेगाच्या १९९१च्या ‘सॉनिक’मधला धबधबा उभ्या पट्ट्यांचा आहे, टीव्हीवर त्या पट्ट्या मिसळून पाणी पारदर्शक वाटायचं. ते चित्र नुसतं काटेकोर मोठं केलं तर पडद्यावर जाळी दिसते. एचक्यू२एक्ससारखे फिल्टर मात्र मला कुठेच पटत नाहीत. ते कोपरे गोल करतात आणि मेणासारखा वितळलेला चेहरा बनवतात, जो कुणीच काढला नव्हता.

दादाच्या खेळाचं आता माझ्याकडे काय आहे? तीच ८५४ बाय ४८०ची फाइल. तिच्यातून मी जमेल तेवढं परत काढलं. प्रत्येक मूळ पिक्सेल तिथे साधारण २.७ बाय २.४ पिक्सेलचा झाला आहे; त्याच्या बरोबर मध्यावरचा नमुना घेतला तर किनारीचा त्रास कमी होतो. ‘प्रिन्स’मध्ये पडदा सरकत नाही, एक खोली म्हणजे एक स्थिर चित्र. त्यामुळे त्याच खोलीच्या अनेक फ्रेमची सरासरी काढून कॉम्प्रेशनची कचकच घालवता आली. मग मी स्वतः डॉसबॉक्समधून त्या खोल्या स्वच्छ रेकॉर्ड केल्या आणि त्यातल्या रंगांशी एकेक पिक्सेल जुळवला. भिंती आल्या, मशाली बऱ्याचशा आल्या. राजपुत्राच्या हालचाली तर आश्चर्य वाटावं इतक्या शाबूत निघाल्या, कारण गेम त्या सेकंदाला साधारण १२ वेळाच पुढे सरकवतो. माझ्या ३० फ्रेमने तिथे फार काही गमावलं नव्हतं.

लाल त्रिकोण परत आले नाहीत. आधीच पाव रंगमाहिती, त्यात कमी बिटरेट, त्यात दोनदा एन्कोड आणि शार्पन. शेवटी खलनायक जाफरशी तलवारबाजी होते तिथे खाली नुसता तांबूस पट्टा आहे. दादाने फोनवर विचारलं, “तेव्हा माझे किती उरले होते रे?” वार मोजून मी अंदाज बांधू शकलो असतो आणि तेवढे त्रिकोण काढून ठेवू शकलो असतो, बघणाऱ्या कुणाला शंकाही आली नसती. मी त्याला सांगितलं की रेकॉर्डिंगमध्ये ते दिसत नाही, आणि पट्टा आहे तसा ठेवला.