लाकूडतोड्यांच्या गावी

अमेरिकेला जाऊन आलेल्या बाईला आपण काय विचारतो? नायगारा पाहिलात का, न्यूयॉर्कच्या उंच इमारती पाहिल्यात का, आणि तिकडे भांडी कोण घासतं! या प्रश्नांची उत्तरे तुम्हांला एव्हाना पाठ झाली असतील. आताशा दर चार घरांआड एखादा मुलगा किंवा मुलगी तिकडे असतेच. म्हणून मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला नेणार आहे ते एका निराळ्याच गावी. सहल कंपन्यांच्या यादीत त्याचे नाव सहसा सापडायचे नाही. गावाचे नाव कॅस.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात अ‍ॅलेघेनी डोंगरांच्या कुशीत, ग्रीनब्रायर नदीच्या काठी हे गाव वसले आहे. वॉशिंग्टनहून मोटारीने साडेचार-पाच तास लागतात. माझे धाकटे दीर वॉशिंग्टनजवळ राहतात. त्यांच्याकडे आम्ही गेलो होतो, तेव्हा जाऊबाईंनीच हा बेत आखला. सासूबाई बरोबर होत्या. लाकूड तोडणाऱ्यांचे गाव बघायला जायचे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे वखारी काय कमी आहेत? त्या बघायला इतक्या लांब कशाला?" पण गाडीत सर्वांच्या आधी बसल्या त्याच!

शेवटचा तासभर रस्ता नुसता वळणावळणाचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी. जवळच ग्रीन बँक येथे आकाशातल्या रेडिओलहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण आहे. तिच्या कामात व्यत्यय येऊ नये म्हणून १९५८ सालापासून हा सारा टापू 'शांत' ठेवला आहे. त्यामुळे मोबाइलला रेंज मिळणे कठीण. बरोबरच्या पुरुषमंडळींच्या माना दोन दिवस वर राहतात, हा त्याचा एक फायदाच!

कॅस हे गाव आपल्या गावांसारखे हळूहळू वाढलेले नव्हे. ते १९०१ साली एका कंपनीने वसवले. कंपनी होती कागद बनवणारी, 'वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर'. तिच्याच जोसेफ कॅस नावाच्या बड्या पदाधिकाऱ्याचे नाव गावाला दिले. वरच्या डोंगरांवर रेड स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचे घनदाट, कधीही कुऱ्हाड न लागलेले जंगल होते. कागदाचा लगदा करायला हे लाकूड उत्तम. ते तोडायचे, आगगाडीने खाली आणायचे आणि व्हर्जिनियातल्या कव्हिंग्टन येथील कागदगिरणीकडे पाठवायचे, असा हा कारभार. शिवाय गावातच लाकूड कापण्याची मोठी गिरणी होती. भरभराटीच्या काळात तिथे अकरा-अकरा तासांच्या दोन पाळ्या चालत, आठवड्याचे सहा दिवस.

गावात शिरताच डोळ्यांत भरतात ती एकसारखी पांढरीशुभ्र दुमजली लाकडी घरे. ओळीने उभी, प्रत्येकापुढे लाकडी कुंपण, आणि चालायला फळ्यांचा पदपथ. एक घर पाहिले की सगळी पाहिली. साहेबांची घरे मात्र वेगळी, टेकडीवर. या टेकडीला गावकरी म्हणत 'बिग बग हिल', म्हणजे आपल्या भाषेत 'बड्या धेंडांची टेकडी'. हे ऐकून सासूबाई खुदकन हसल्या. माणसांची जात इथूनतिथून सारखीच, नाही का?

खाली रेल्वेस्टेशनाजवळ कंपनीचे दुकान आहे. पीठ, साखर, कापडचोपड, बूट, औषधे, सगळे इथेच मिळे. आता तिथे पर्यटकांसाठी भेटवस्तू मांडल्या आहेत. त्या काळी अशा गावांत सहसा एकच दुकान, तेही कंपनीचे. उधारी पगारातून कापली जाई, घरभाडेही कापले जाई. महिनाअखेरीस नवऱ्याच्या हातात काय उरले असेल, आणि त्यातून तिने काय बाजूला टाकले असेल, याचा हिशेब तुम्ही-मी चटकन करू शकतो. डब्याच्या तळाशी चार पैसे लपवण्याची कला काही फक्त आपल्याकडचीच नसावी.

आता खरी मौज, आगगाडीची. जंगलातून ओंडके उतरवण्यासाठी टाकलेला लोहमार्ग आजही चालू आहे. ओंडक्यांच्याच उघड्या वाघिणींवर छप्पर आणि बाकडी बसवून प्रवासी डबे केले आहेत. गाडीला जोडलेली कोळशाची इंजिने 'शे' जातीची. मिशिगन राज्यातल्या एफ्रेम शे या लाकडाच्या व्यापाऱ्याने ही कल्पना काढली आणि १८८१ साली तिचे पेटंट घेतले. नेहमीच्या इंजिनाचा दट्ट्या काही मोठ्या चाकांनाच ओढतो. शे इंजिनात मात्र उजव्या अंगाला उभी सिलिंडरे असतात. ती एक लांब दांडा फिरवतात आणि त्या दांड्यावरच्या दातेरी चक्रांमार्फत सगळीच चाके फिरतात. त्यामुळे इंजिन पळते कमी, पण कितीही चढ असला तरी घसरत नाही. संसार करणाऱ्या बाईसारखे म्हणा ना! इथले पाच नंबरचे इंजिन १९०५ सालचे. सहा नंबरचे १९४५ सालचे, शे जातीतले सर्वांत शेवटी बनलेले.

चढ किती? आपली नेरळ-माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली. ती शंभर फूट पुढे जाताना जास्तीत जास्त पाच फूट चढते. ही कॅसची गाडी काही ठिकाणी शंभराला अकरा फूट चढते. इंजिन पुढून ओढत नाही, मागून ढकलते. दोन ठिकाणी डोंगर इतका उभा, की वळण घ्यायला जागाच नाही. मग गाडी पुढे जाऊन थांबते, सांधा बदलतो आणि ती उलट्या दिशेने पुढचा टप्पा चढू लागते. जुन्या मंडळींना आठवत असेल, ऐकून तरी ठाऊक असेल, खंडाळ्याच्या घाटातही पूर्वी 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. तिथे १८६३ पासून १९२९ पर्यंत असाच प्रकार चाले. वाटेत इंजिन पाणी प्यायला थांबते. धुराचे लोट, शिट्टीचा दऱ्यांत घुमणारा आवाज आणि अंगावर उडणारी कोळशाची कणी! माझ्या पांढऱ्या ब्लाउजवर शिंतोडे उडाले, पण तक्रार करावीशी वाटली नाही.

चार मैलांवर व्हिटेकर नावाचा थांबा आहे. इथे लाकूडतोड्यांची जुनी छावणी मांडून ठेवली आहे. या मजुरांना तिकडे 'वुड हिक' म्हणत. स्थानिक होते, तसे पोटासाठी परदेशांतून आलेलेही होते. रुळांवरून हलवता येतील अशा खोल्यांत ते आठवडेच्या आठवडे राहत. बर्फात, ओल्या कपड्यांनिशी. झाड अंगावर पडून किंवा ओंडक्याखाली सापडून माणूस जाणे ही नवलाची गोष्ट नव्हती.

मला जास्त उत्सुकता होती ती छावणीतल्या स्वयंपाकघराची. लाकूडतोड्यांना कामावर टिकवून धरायचे तर जेवण भरपूर आणि चांगले हवे, हे मालकांना ठाऊक होते. जेवण वाईट म्हणजे माणसे दुसऱ्या छावणीत निघून जाणार! त्यामुळे स्वयंपाक्याचा मान मोठा. काही ठिकाणी नवरा-बायको मिळून हे काम करीत. पहाटे अंधारात उठायचे आणि दोन्ही वेळा पंगती उठवायच्या. अनेक छावण्यांत जेवताना बोलायला बंदी असे. पटापट खा, भांडणे नकोत, कामावर चला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे छान झालंय असं म्हणायचीसुद्धा बंदीच की! आपल्या घरासारखंच." यावर आमच्या पुरुषमंडळींनी खिडकीबाहेरची झाडे मोजायला सुरुवात केली.

पुढे बाल्ड नॉब या शिखरापर्यंत गाडी जाते. उंची ४,८४२ फूट. तिथून दूरवर निळ्या डोंगरांच्या रांगांमागून रांगा दिसतात. मार्गदर्शक सांगत होता, की एके काळी हे सगळे उघडे-बोडके झाले होते. या राज्यातले जुने जंगल १९२० च्या सुमारास जवळपास संपले. झाडे गेली तशी उरल्यासुरल्या पालापाचोळ्याला आगी लागल्या, माती वाहून गेली, खालच्या गावांना पूर आले. १९०७ च्या पुराने तर फारच हाहाकार केला. त्यानंतर १९११ साली जंगलासाठी जमिनी विकत घेण्याचा कायदा झाला आणि १९२० साली इथले मोनोंगाहेला राष्ट्रीय वन स्थापन झाले. शंभर वर्षांत जंगल पुन्हा उभे राहिले आहे. स्प्रूसच्या आसऱ्याने राहणारी इथली उडती खार १९८५ साली संकटग्रस्त ठरवली होती, ती २०१३ साली त्या यादीतून बाहेर आली. निसर्गाला थोडी उसंत दिली तर तो सावरतो. पण ती उसंत द्यावी लागते, हे महत्त्वाचे.

जंगल संपत आले, तसे गावही उतरणीला लागले. १९४२ साली कारभार दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि १ जुलै १९६० रोजी गिरणी कायमची बंद पडली. रूळ भंगारात जायचे, पण रेल्वेचे वेड असलेल्या काही मंडळींनी आणि स्थानिकांनी राज्य सरकारच्या मागे लकडा लावला. १९६३ साली पर्यटकांची गाडी सुरू झाली, पुढे गावही राज्याच्या ताब्यात आले. गिरणी मात्र आगींत जळाली, तिचे अवशेषच उरले आहेत. कामगारांच्या घरांत आता पाहुणे मुक्काम करतात. आम्हीही त्यांतल्याच एका घरात राहिलो.

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. खोली उबदार होती, स्वयंपाकघर सुरेख होते. पण मनात येत होते, या खिडकीशी कोण उभी राहत असेल? कंपनीच्या गावाचा नियम साधा: नोकरी तोवर घर. नवरा जखमी झाला, मेला किंवा त्याला कामावरून काढले, की घरही गेले. जिने त्या भिंती सारवल्या-पुसल्या, तिथे बाळंतपणे केली, तिचे त्या घरावर काय?

हे मला इतके लागले, त्याला कारण आहे. मी विदर्भातल्या एका कारखान्याच्या वसाहतीत वाढले. आमचे क्वार्टरही असेच, एकासारखे एक. आईने मागच्या अंगणात पपई, अळू, जास्वंद लावली होती. वडील निवृत्त झाले आणि जागा सोडण्याचे पत्र आले. मुदत इतकी थोडी, की पपईला लागलेली फळेही पिकायची होती. आई काही बोलली नाही. तुळस तेवढी डब्यात घेऊन निघाली. पत्र वडिलांच्या नावे होते. तिचे नाव कुठेच नव्हते.

कॅसमध्ये इंजिनांचे नंबर, त्यांची वर्षे आणि वजने सगळे नीट लिहून ठेवले आहे. ते हवेच. पण त्या घरांतल्या बायकांविषयी मला फार थोडे दिसले. म्हणून तुम्हांला सांगते, तुमच्या ओळखीत गिरणीच्या चाळीत, रेल्वेच्या क्वार्टरात, साखर कारखान्याच्या वसाहतीत आयुष्य काढलेली आई, आत्या, मावशी असेल, तर तिला एकदा निवांत बसवून विचारा. नळाला पाणी कधी येई, रात्रपाळीचा डबा कसा करीत, संपाच्या दिवसांत चूल कशी पेटती ठेवली? वहीत लिहून ठेवा. आणि हो, आज आपण घर घेताना खरेदीखतावर आपलेही नाव आहे ना, हे जरूर पाहा. यात नवऱ्यावर अविश्वास नाही, फक्त शहाणपण आहे.

तिकडे जाणार असाल तर चार सूचना. गाडी साधारणपणे वसंताच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत धावते, तिकिटे आणि घर आधीच ठरवावे. पानांचे लाल-पिवळे रंग पाहायचे तर ऑक्टोबरचा आरंभ उत्तम, पण तेव्हा गर्दी फार. उन्हाळ्यातही वर गारठा असतो, स्वेटर हवाच. केसांना रुमाल बांधावा आणि पांढरे कपडे टाळावेत. शिखरापर्यंतची फेरी साडेचार तासांच्या आसपास चालते, तेव्हा दशम्या-चटणी बरोबर असू द्या. आमच्या दशम्या डब्यातल्या परक्या पाहुण्यांनीही चाखल्या. आणि त्यांना बोलायची बंदी नव्हती, त्यामुळे त्यांनी तोंडभरून कौतुकही केले!