राखणदाराला घेऊन जेजुरीला

दसरा सरला. बाजरी खळ्यावर आली, हस्ताच्या ओलीवर ज्वारीची पेर झाली, आणि दिवाळीची धांदल अजून सुरू व्हायची आहे. शेतकऱ्याला जरा मोकळे असे हे आठ-दहा दिवस. पुरंदर, दौंड, बारामती, फलटण या बाजूच्या मंडळींनी त्यातला एक दिवस जेजुरीसाठी काढावा आणि या खेपेस वस्तीवरच्या राखणदारालाही बरोबर घ्यावे.

तुम्ही म्हणाल, कुत्र्याला कसली यात्रा? तर घरच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक निरखून पाहा. देव घोड्यावर, हाती खड्ग आणि घोड्याच्या पायांशी कुत्रा. दत्तगुरूंचे चार श्वान सोडले, तर देवाच्या स्वारीत असा मान त्याला क्वचितच मिळतो. आपल्याकडे दर दुसऱ्या कुत्र्याचे नाव वाघ्या, आणि खंडोबाचा सेवेकरीही वाघ्याच! चंपाषष्ठीचा भरीत-रोडगा कुत्र्याला आठवणीने घालणारी घरे आजही आहेत.

दिवस मात्र पाहून ठरवा. दसऱ्याच्या रात्री गडाची आणि कडेपठारची अशा दोन पालख्या भेटतात, दारूकाम होते. सोमवती अमावास्येला पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते. हे सोहळे माणसांनी पाहावेत. कुत्रे अशा गर्दीत बिथरते. रविवार आणि पौर्णिमाही टाळा. साधा मधला वार बरा. पुण्याहून जेजुरी सुमारे ४८ किलोमीटर आहे. टेंपो किंवा जीप पहाटे काढली, की उन्हाच्या आत पोचता येते.

आधी गडाचे दर्शन आटपून घ्या. पायऱ्या सुमारे दोनशे. दीपमाळा, भंडाऱ्याने पिवळी झालेली फरशी, यळकोटाचा गजर, हे सारे पाहताना घरातल्या एकाने कुत्र्याजवळ खालीच सावलीत बसावे. मग पाळी बदलावी. देवळात जनावर नेण्याचा हट्ट नको. भंडारा कौतुकाने त्याच्या तोंडावर उधळू नका, डोळ्यांत जातो. कपाळाला बोट लावले की पुरे.

त्याची खरी यात्रा कडेपठारची. हे खंडोबाचे जुने ठाणे. म्हाताऱ्या भक्ताला डोंगर चढवेना, म्हणून देव खालच्या टेकडीवर आला, अशी कथा सांगतात. वाट डोंगराची, पायऱ्या साडेसातशेच्या आसपास, आणि एरवी गर्दी गडापेक्षा पुष्कळ कमी. पायरीला हाताची मागची बाजू लावून पाहा. तुम्हांला चटका बसला तर त्याच्या तळव्यांनाही बसतो. आश्विनातले ऊन कसे असते ते तुम्हांला सांगायला नको, तेव्हा दहाच्या आत वर असावे. पाण्याचा कॅन आणि पितळी न्या. वर गार वारा असतो, खाली कऱ्हेचे खोरे पसरलेले दिसते. भाकरी तिथेच सोडावी, निम्मी त्याला.

दावे मात्र सोडू नका. एक तर गवतात फुरसे असते. दुसरे म्हणजे याच दिवसांत धनगरांचे वाडे चालीवर असतात. आपला कुत्रा कितीही गुणी असला तरी पळता कळप पाहून त्याचे डोके फिरते. गाभण मेंढी नुसत्या धावपळीने गाभडते, आणि त्या गरिबाचे नुकसान कोण भरून देणार? शिवाय कळपाचे कुत्रे त्याला फाडतील ते वेगळेच.

नवसाच्या बकऱ्यांचे आतडे-काळीज किंवा मुंडके कुठे कच्चे पडलेले असेल, तर त्यालाही तोंड लावू देऊ नका. मेंढी गरगर फिरून मरते त्या रोगाचे जंत कच्च्या मुंडक्यातून कुत्र्यात शिरतात. आतड्या-काळजातल्या गाठींतून येणारे दुसरे जंत तर कुत्र्याच्या विष्ठेवाटे माणसापर्यंत पोचतात आणि यकृतात पाण्याच्या गाठी करतात. चिल्ल्यापिल्ल्यांच्या घरात हे फार जपायला हवे. जंताचे औषध वेळोवेळी द्यावे. पिसाळ रोगाची लस निदान महिनाभर आधी टोचलेली असावी आणि दरवर्षी टोचावी. कुणाला कुत्रे चावलेच, तर मिरची-चुना न लावता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

परतताना वाटेवर सीताफळांच्या पाट्या दिसतील, भाव करून घ्या. बिया मात्र कुत्र्याला चघळू देऊ नका.

घरी आल्यावर दिव्याच्या उजेडात त्याचे कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या चाचपा. डोंगरावर आता कुसळ पिकलेले असते. ते कातडीत शिरले की आत आत सरकत जाते आणि पू धरते. गोचीड सापडली तर चिमट्याने मुळाशी धरून ओढा. आणि त्या रात्री खळ्यावर थोरल्या मुलालाच झोपायला पाठवा. राखणदार चांगलाच दमलेला असेल.