लोणावळ्याच्या वाचनालयाचें जुनें दप्तर

गेल्या श्रावणांत नातवंडांच्या आग्रहास्तव आम्ही चार दिवस लोणावळ्यास राहिलों. मुलांना धबधबे पाहावयाचे होते. आमचे गुडघे त्यास राजी नव्हते. सबब छत्री घेऊन आम्ही बाजारामागील एका वाचनालयाच्या शाखेंत जाऊन बसूं लागलों. तरुणपणीं मावळांत शिक्षकी करीत असतां येथूनच आम्ही पुस्तकें नेत असूं.

१८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली आणि लोणावळें वाढीस लागलें. पुण्याचें नगर वाचन मंदिर त्याच्याहि आधींचें, १८४८ चें. १९२४ सालीं स्वामी कुवलयानंदांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. तेथील योगविषयक ग्रंथसंग्रह अभ्यासकांस ठाऊक आहेच. पण आमची ही शाखा साधी, कादंबऱ्या व दिवाळी अंक नेणाऱ्या गृहस्थांची.

दुसऱ्या दिवशीं ग्रंथपालबाईंनीं माळ्यावरून एक गठ्ठा काढला. “गुरुजी, हें सगळें शनिवारीं रद्दींत जाणार. जागाच नाहीं.”

गठ्ठ्यांत सभांचें इतिवृत्त होतें आणि दाखल-नोंदीच्या तीन वह्या. एका सभेंत कादंबऱ्यांना स्वतंत्र कपाट असावें कीं नाहीं यावर दीड पान वाद झालेला! दाखल-वहींत क्रमांक, तारीख, ग्रंथ, किंमत, आणि शेवटच्या रकान्यांत तो विकत घेतला कीं देणगी मिळाला. चाळतां चाळतां आमच्या पहिल्या मुख्याध्यापकांचें नांव आलें. निवृत्त होतांना त्यांनीं अठ्ठावीस संस्कृत पुस्तकें दिलीं होतीं. प्रत्येकीपुढें तांबड्या शाईनें ‘जीर्ण, रद्द’ असा शेरा. पुस्तकें गेलींच होतीं. आतां दात्याचें नांवहि जाणार होतें.

दोष बाईंचा नव्हे. १९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अनुदान आलें, तसा तपासणी अधिकारीहि आला. तपासणीस लागेल ती वही जपली जाते, उरलेली माळ्यावर चढते. त्यांत येथील पाऊस वर्षास दीडशे इंचांहून अधिक. बुरशी आणि कसर यांना आणखी काय पाहिजे?

कार्ल्याचें लेणें येथून जवळच. गुडघे चालत होते तेव्हां आम्ही तेथील शिलालेख पाहिले आहेत. धेनुकाकटच्या यवनांनीं स्तंभ दिले, वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें शैलगृह पुरें केलें, महारठी अग्निमित्रणकानें सिंहस्तंभ दिला. हीं नांवें सुमारे दोन हजार वर्षांनींहि वाचतां येतात. आपल्या मावळाचें ‘मामाल’ हें नांवहि त्याच लेखांत सांपडतें. त्या दात्यांना दगड लाभला. आमच्या मुख्याध्यापकांच्या वांट्यास रेघी वही आली.

आम्हीं बाईंना विनंती केली, “शनिवार पुढें ढकला.” त्यांनीं मान्य केलें आणि चहाहि मागविला. उरलेले दोन दिवस आम्हीं देणगीच्या नोंदी उतरवून घेतल्या. जेथें शाई पसरली होती तेथें नातीनें भिंगानें अक्षरें लावलीं. धबधबा तिनें एक दिवस सोडला. पहिली वही पुरी झाली. राहिलेल्या दोन बाईंनीं आपल्या टेबलाखालीं ठेवल्या आहेत. दिवाळीनंतर, पाऊस उघडला म्हणजे, आम्ही पुन्हां जाणार आहों.