बारा आणे, डागासकट!

परतवाड्यात 'लिलाव' म्हटलं की आठवतो वनखात्याचा लाकूड डेपो. मेळघाटातल्या सागवानाच्या थप्प्या आणि ओंडके ठोकून बघणारे व्यापारी. माझ्या काकांचा लिलाव मात्र घरातल्या कॉम्प्युटरवर चालायचा.

गोष्ट २०१२ची. ताईच्या इंजिनीअरिंगची फी भरायची होती. काकांनी जन्मभर जमवलेली टपाल तिकिटं ईबे इंडियावर विकायला काढली. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची 'टेक्निकल टीम' म्हणजे अस्मादिक!

बजेट शून्य. पण फुकटात काय काय मिळतं, हे तेव्हाच कळलं. पहिलं टूल ईबेचंच, टर्बो लिस्टर. नेट नसतानाही तिकिटांची माहिती निवांत भरून ठेवायची आणि नेट आलं की सगळी एका दमात अपलोड. डोंगलची रेंज कधी गुल होईल याचा नेम नसलेल्या घरात हे वरदानच! दुसरं लिब्रेऑफिस. कुठलं तिकीट, बोली कितीवर थांबली, पोस्टाचा खर्च किती, सगळा हिशेब त्यात. तिसरं गिम्प, म्हणजे फोटोशॉपचा फुकट भाऊ. बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये ते जगापुढे आणलं. शिवाय त्याचा सोर्स कोडही खुला.

याच गिम्पने मला शहाणं केलं.

काकांकडे १९४८चं गांधीजींचं बारा आण्याचं तिकीट होतं. कोपऱ्यात तपकिरी डाग. स्कॅन केल्यावर तो डोळ्यांत खुपायला लागला. गिम्पमध्ये क्लोन टूल फिरवलं आणि दोन मिनिटांत तिकीट चकाचक! काकांना कौतुकाने दाखवलं, तर ते गप्पच.

"काहून वं पोरी, डाग कुठी गेला?"

"पुसला. किंमत वाढेल ना, काका."

"डेपोत गिऱ्हाईक लाकूड ठोकून पाह्यते. याले ठोकता येत नाही. मंग आपनच ठोकून दाखवा लागते."

फीची तारीख डोक्यावर असताना हे ऐकून मी चिडले होते, खोटं कशाला बोलू! पण मूळ स्कॅन परत लावला. डागाचा वेगळा क्लोज-अप टाकला. हिशेबाच्या फाइलमध्ये 'दोष' नावाचा नवा रकाना आला. तिकीट अंदाजापेक्षा कमीत गेलं. त्या महिन्यात काकांनी उरलेल्या पैशांसाठी सोसायटीतून कर्ज काढलं. पण तोच गिऱ्हाईक नंतर पुन्हा पुन्हा येत राहिला.

पुढे कळलं, ईबेवर १९९५मध्ये विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर होता, १४ डॉलर ८३ सेंटला. संस्थापक पिएर ओमिद्यारने घेणाऱ्याला विचारलं, बिघडलाय हे माहीत आहे ना? तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. म्हणजे दोषालाही गिऱ्हाईक असतं बरं का, फक्त तो आधी सांगायला हवा.

१४ ऑगस्ट २०१८ला ईबे इंडिया बंद झालं. काकांनी कमावलेले स्टार तिथेच राहिले. टर्बो लिस्टरही आता नाही. 'दोष' रकान्याची ती फाइल मात्र माझ्या लॅपटॉपवर आजही उघडते.

परवा माझा जुना कॅमेरा ऑनलाइन विकायला काढला. मोबाइलवर आता ओरखडा पुसायला क्लोन टूलही लागत नाही, एक बोट पुरतं. बोट बटणापर्यंत गेलंही होतं. मग ओरखड्याचाच फोटो सगळ्यात आधी टाकला.