खोलींतील थळ घाट

आमचे चिरंजीव परदेशीं स्थायिक झाल्यावर त्यांची खोली रिकामी राहिली. भाडेकरू ठेवावा, असें घरच्या मंडळींचें मत पडलें. आम्हीं मात्र तेथें लहानसा थळ घाट मांडला.

कसारा-इगतपुरी हा १८६५ सालीं खुला झालेला लोहमार्ग ३७ फुटांस १ फूट चढतो. त्या मानानें आमच्या १० फुटी भिंतीलगत रूळ अवघे सव्वातीन इंच चढतात. तरी ८७ पटींनीं लहान असें आमचें एंजिन चार डब्यांनिशीं घसरतें. मग आळींतलीं मुलें मागें दुसरें लावतात.

खऱ्या घाटांतही हीच रीति आहे. कसाऱ्यास मागें लावलेलीं एंजिनें गाडी वर रेटतात, इगतपुरीस सुटून माघारीं फिरतात. गाडी पुढें जाते. अध्यापक व पिता या नात्यांनीं आम्हीं तरी दुसरें काय केलें? मागील एंजिनानें गाडीबरोबर जाण्याचा हट्ट धरूं नये. खालीं कसाऱ्यास दुसरी गाडी उभी असते.